इंग्रजीतील ‘हॅव’ : अर्थ, उपयोग व अध्यापन

एका शाळेच्या भेटीत इयत्ता पाचवीच्या वह्या पाहत असता एका मुलीच्या वहीने मला थांबविले. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घालून रिकाम्या जागा भरा, असा स्वाध्याय होता. ‘माय सिस्टर ... टू बुक्स’ या वाक्यात तिने ‘हॅव’ भरले होते व ‘राम अँड शाम ... ए बॉल’ या वाक्यात ‘हॅज’. दोन्ही उत्तरांवर तांबड्या शाईची फुली होती. दहांपैकी सहा उत्तरे चुकली होती, आणि वर्गशिक्षकांच्या मते मुलगी ‘इंग्रजीत कच्ची’ होती.

मी तिला जवळ बोलावून विचारले, “बाळ, इथे ‘हॅव’ का लिहिलेस?” ती बराच वेळ गप्प राहिली. पुन्हा विचारल्यावर हळूच म्हणाली, “पुस्तकं दोन आहेत ना, म्हणून.” “आणि इथे ‘हॅज’ का?” “चेंडू एकच आहे.”

शिक्षकबंधुभगिनींनो, ही मुलगी कच्ची नव्हती. तिने अंदाजाने काही लिहिले नव्हते. नियमाने लिहिले होते. तो नियम मात्र मराठीचा होता. ‘बहिणीजवळ एक पुस्तक आहे’, ‘बहिणीजवळ दोन पुस्तके आहेत’. मराठीत क्रियापद पुस्तकांच्या संख्येप्रमाणे बदलते, बहिणीप्रमाणे नव्हे. तोच न्याय तिने इंग्रजीस लावला. तिच्या सहाही चुका एकाच जातीच्या होत्या, आणि ती जात कोणी ओळखली नव्हती. फुलीने तिला ‘चुकले’ एवढेच कळले. ‘का चुकले’ हे कळले नाही. अशा पाच-पन्नास फुल्यांनंतर मूल इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसू लागते.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे या क्रियापदाची गाठ मुलांस फार लवकर पडते. म्हणून त्याचे अर्थ, त्याचा रोजचा उपयोग व मराठी मुलास ते अवघड का जाते, याचा थोडा विस्ताराने विचार करू. इंग्रजी वाक्ये येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती रोमन लिपीतच लिहावीत.

१. मराठीत ‘हॅव’ला एक शब्द नाही

‘हॅव’ म्हणजे काय, असे विचारले की आपण सवयीने सांगतो, “हॅव म्हणजे जवळ असणे.” हे उत्तर चुकीचे नाही, पण ते फार थोड्या वाक्यांस पुरते. पुढील वाक्ये पाहावीत :

आय हॅव टेन रुपीज – माझ्याजवळ दहा रुपये आहेत.
आय हॅव टू ब्रदर्स – मला दोन भाऊ आहेत.
वुई हॅव टू एकर्स ऑफ लँड – आमची दोन एकर जमीन आहे.
शी हॅज करेज – तिच्या अंगी धैर्य आहे.
द व्हिलेज हॅज ए स्कूल – गावात शाळा आहे.
द टेबल हॅज फोर लेग्ज – टेबलाला चार पाय आहेत.

इंग्रजीत सर्वत्र एकच क्रियापद आहे. मराठीत क्रियापद ‘असणे’ हेच असले, तरी संबंध दाखविण्याचे काम ‘जवळ’, ‘ला’, ‘चा-ची-चे’, ‘अंगी’ आणि ‘त’ यांनी वाटून घेतले आहे. हातातून देता-घेता येणारी वस्तू असेल तर ‘जवळ’ किंवा ‘पाशी’; नाते, अवयव, आजार किंवा वेळ असेल तर ‘ला’; गुण असेल तर ‘अंगी’; स्थळ असेल तर ‘त’. हा भेद आपल्या मुलांस कोणी शिकविलेला नसतो. तो त्यांच्या जिभेवर असतो. ‘माझ्याजवळ ताप आहे’ असे पहिलीतले मूलही कधी म्हणत नाही.

यात मराठीचे काही उणे आहे असे मानू नये. हिंदीतही ‘मेरे पास’ व ‘मेरे’ असा भेद आहे. संस्कृतात षष्ठी विभक्ती व ‘अस्’ धातू यांनी हे काम होते. रशियन भाषेत ‘माझ्यापाशी आहे’ अशाच धर्तीची रचना आहे, आणि इंग्लंडच्या शेजारच्या आयरिश भाषेतही ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ अशाच घाटाने बोलतात. ‘हॅव’सारखे स्वतंत्र क्रियापद नसलेल्या भाषा जगात पुष्कळ आहेत. त्यामुळे मराठी मूल येथे अडखळते ते मंदबुद्धीने नव्हे. त्याला एका निराळ्या घाटाच्या वाक्यात प्रथमच पाऊल टाकावयाचे असते.

२. एका शब्दार्थाने केलेली हानी

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी शिक्षक होतो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘आय हॅव – माझ्याजवळ आहे.’ मग एकेका मुलास उभे करून तोंडी सराव घेतला. “आय हॅव ए पेन.” “आय हॅव ए बुक.” वस्तू संपल्या तेव्हा मी नात्यांकडे वळलो. “आय हॅव ए फादर. आय हॅव ए मदर.” ओळीने मुले म्हणत गेली. एक मुलगा उभा राहिला, क्षणभर फळ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “आय हॅव नो फादर. आय हॅव नो मदर.”

वाक्ये निर्दोष होती. मी त्याला हळूच खाली बसण्यास सांगितले. तास संपल्यावर वर्गास बजावले की, या मुलास आईबाप नाहीत, त्याला कोणी दुखवू नये. मी त्या शाळेत नवा होतो. अधिक चौकशी केली नाही. आपण मोठा जिव्हाळा दाखविला, असेच मला वाटले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वीच त्या मुलाची आजी दारात उभी होती. “गुरुजी, माझा ल्योक जित्ता हाय, सून जित्ती हाय. दोघं ऊसतोडीला गेल्यात कारखान्यावर. माझ्या नातवाला बिनआईबापाचा कुनी केला?” मला उत्तर सुचेना. दिवाळीच्या सुमारास गेलेली ती माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणार होती. मुलाने फळ्यावरचा अर्थ प्रमाण मानला होता : माझ्याजवळ आई आहे काय? नाही. वडील आहेत काय? तेही नाहीत. तेव्हा ‘आय हॅव नो.’ त्याचे मराठी शुद्ध होते, इंग्रजीही शुद्ध होते, आणि तर्कही शुद्ध होता. अशुद्ध होता तो मी दिलेला अर्थ.

‘मला वडील आहेत’ आणि ‘माझ्याजवळ वडील आहेत’ यांतील अंतर त्या मुलाइतके स्पष्ट त्या वर्गात कोणासच ठाऊक नव्हते. तो ते रोज अनुभवीत होता. मी आजीची क्षमा मागितली. दुपारी वर्गासमोर फळ्यावरील अर्थ पुसला व मुलांना सांगितले की, चूक गुरुजींची होती. तेव्हापासून ‘हॅव’चा एकच मराठी अर्थ मी कधीही फळ्यावर लिहिला नाही.

३. शब्दाचे मूळ व वाक्याचा घाट

‘हॅव’ हे इंग्रजीतील फार जुने क्रियापद आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘हॅबान’ असे होते व जर्मन भाषेतील ‘हाबेन’ हे त्याचे भावंड होय. लॅटिन भाषेतील ‘हाबेरे’ याच्याशी त्याचे रूप व अर्थ जुळतात, म्हणून दोन्ही एकाच कुळीची असावीत असे वाटते. परंतु भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याचे खरे नाते ‘पकडणे’ या अर्थाच्या ‘कापेरे’ या लॅटिन क्रियापदाशी आहे. म्हणजे मुळात ‘हॅव’ याचा अर्थ ‘धरणे, हाती घेणे’ असा होता.

हे मूळ ध्यानी घेतले म्हणजे वाक्याचा घाट उलगडतो. जो धरतो तो कर्ता. जे धरले जाते ते कर्म. म्हणून इंग्रजीत माणूस पहिल्या स्थानी येतो व क्रियापद त्याच्या तंत्राने चालते. मराठीत वस्तू असते, आणि ती कोणाजवळ किंवा कोणाला आहे एवढेच आपण सांगतो. म्हणून क्रियापद वस्तूच्या तंत्राने चालते. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या मुलीच्या सहा चुकांचे कारण हेच होते.

मुलांस हे व्याकरणाच्या परिभाषेत सांगण्याची गरज नाही. ‘आधी मालक पाहावा, माल मागाहून मोजावा’ एवढे सूत्र पुरे. आय, यू, वुई व दे यांस ‘हॅव’. ही, शी व इट यांस ‘हॅज’. भूतकाळात सर्वांस ‘हॅड’. राम आणि शाम हे दोन मालक, म्हणजे ‘दे’. मग चेंडू एक असो की दहा असोत, ‘हॅव’च.

४. रोजच्या व्यवहारातील अर्थ

मालकी, नाती, अवयव व गुण यांची उदाहरणे वर आलीच आहेत. त्यांखेरीज पुढील अर्थ शिक्षकास ठाऊक असले पाहिजेत.

(अ) आजार. ‘आय हॅव ए कोल्ड’, ‘शी हॅज ए हेडेक’. मला सर्दी झाली आहे. तिचे डोके दुखत आहे. आजारी मुलास आपले दुखणे सांगता येणे ही भाषेची पहिली उपयुक्तता होय. म्हणून ही वाक्ये लवकर शिकवावीत.

(आ) खाणेपिणे. ‘वुई हॅव टी ॲट फोर’ म्हणजे आम्ही चार वाजता चहा घेतो. येथे ‘जवळ असणे’ हा अर्थ मुळीच नाही. मराठीतील ‘घेणे’ हे क्रियापद येथे चांगले जुळते.

(इ) एखादी कृती करणे. ‘हॅव ए बाथ’ म्हणजे आंघोळ करणे, ‘हॅव ए रेस्ट’ म्हणजे विश्रांती घेणे, ‘हॅव ए लुक’ म्हणजे एकदा पाहून घेणे. येथे अर्थाचा भार पुढील नामावर असतो. ‘हॅव ए सीट’ असे पाहुण्यास म्हटले तर त्याचा अर्थ ‘बसावे’ एवढाच.

(ई) भाग पडणे. ‘आय हॅव टू गो’ म्हणजे मला जावे लागते, मला गेलेच पाहिजे. ‘आय हॅड टू गो’ म्हणजे मला जावे लागले. मराठीत येथेही ‘मला’ आहे व इंग्रजीत येथेही माणूस पहिल्या स्थानी आहे, हे साम्य मुलांच्या नजरेस आणून द्यावे. उच्चारात ‘हॅव टू’ याचे ‘हॅफ टू’ असे होते. ऐकताना मुले गोंधळतात, म्हणून आधीच सांगावे.

(उ) पूर्ण झालेली क्रिया. ‘आय हॅव रिटन ए लेटर’ म्हणजे मी पत्र लिहिले आहे. येथे ‘हॅव’ साहाय्यक क्रियापद झाले आहे. मालकीच्या क्रियापदाकडे हे काम कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. ‘माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेल्या स्थितीत’ अशी जुनी रचना होती. तीतूनच पुढे ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ रूढ झाला. मराठी मुलांची येथे एक ठरावीक चूक होते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे मराठीत चालते, म्हणून ती ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ असे लिहितात. काल, परवा, गेल्या वर्षी असा सरलेला काळ सांगितला की इंग्रजीत साधा भूतकाळच येतो : ‘आय सॉ हिम येस्टरडे.’

(ऊ) दुसऱ्याकडून करून घेणे. ‘माय फादर हॅड द रूफ रिपेअर्ड’ म्हणजे वडिलांनी छप्पर दुरुस्त करून घेतले. शब्दांचा क्रम बदलून ‘माय फादर हॅड रिपेअर्ड द रूफ’ असे म्हटले, तर वडिलांनी छप्पर आधीच दुरुस्त केले होते, असा अर्थ होतो. हा भेद शिक्षकांच्या माहितीसाठी दिला आहे. लहान वर्गांत तो शिकवू नये.

५. ‘हॅविंग’ केव्हा चालते?

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य आपल्याकडे मुलेच काय, मोठी माणसेही बोलतात. मराठी वाक्यातील ‘आहेत’ हा शब्द ‘ॲम’ला ओढून आणतो व त्याच्या शेजारी ‘हॅविंग’ येऊन बसते, असे मला दिसून आले आहे. यास सोपी कसोटी आहे. ती गोष्ट आपण आता करीत आहोत, की ती नुसती आहे? भाऊ असणे ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ चहा पिणे ही चालू क्रिया आहे. म्हणून ‘वुई आर हॅविंग टी’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘हॅविंग म्हणजे चूक’ असा सरसकट नियम मात्र मुलांस सांगू नये. खोटा नियम पुढे मोडावा लागतो, आणि मोडताना मुलाचा शिक्षकावरील विश्वासही थोडा मोडतो.

६. प्रश्न व नकार

आमच्या पिढीने ‘हॅव यू ए पेन?’ असा प्रश्न पाठ केला. ती जुनी ब्रिटिश पद्धत होय. आजच्या व्यवहारात ‘डू यू हॅव ए पेन?’ व ‘डज शी हॅव ए पेन?’ हेच प्रश्न रूढ आहेत. नकारार्थी ‘आय डोन्ट हॅव ए पेन’ किंवा ‘आय हॅव नो पेन’ म्हणावे. ‘डज’ आला की पुढे ‘हॅज’ न येता ‘हॅव’ येते, कारण बदल एकदा ‘डज’मध्ये झालेला असतो. इंग्लंडमधील बोलण्यात ‘आय हॅव गॉट’ हेही सर्रास ऐकू येते; अर्थ तोच. साहाय्यक म्हणून आलेल्या ‘हॅव’ला मात्र ‘डू’ची गरज नसते : ‘हॅव यू रिटन इट?’ हाच प्रश्न बरोबर.

७. वर्गातील क्रम

कोणता अर्थ आधी शिकवावा? ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरात येतो, याचेही प्रमाण त्यांनी तीत दिले. शब्द एक असला तरी त्याचे सर्व अर्थ एका पाठात देऊ नयेत. अधिक लागणारा अर्थ आधी द्यावा, ही त्यामागील दृष्टी आजही उपयोगी आहे. ती समोर ठेवून पुढील क्रम सुचवितो.

पहिल्या पाठात केवळ हातातल्या वस्तू घ्याव्यात. मुलाने वस्तू हातात धरून ‘आय हॅव ए पेन’ म्हणावे. मग शेजाऱ्याकडे बोट दाखवून ‘शी हॅज ए बुक’ म्हणावे. बोट नेहमी माणसाकडे असावे, वस्तूकडे नसावे. दुसऱ्या पाठात माणूस तोच ठेवून वस्तूंची संख्या वाढवावी : एक पेन्सिल, दोन पेन्सिली, पाच पेन्सिली, ‘शी हॅज’ बदलत नाही, हे मुलांनीच शोधावे. तिसऱ्या पाठात वस्तू तीच ठेवून माणसे बदलावीत. अवयव, आजार व खाणेपिणे यांकडे त्यानंतर वळावे. ‘हॅव टू’ वरच्या वर्गात घ्यावे, आणि साहाय्यक ‘हॅव’ त्याहूनही पुढे.

तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर आपल्याकडील अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. त्यामुळे भाषांतर टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र भाषांतर पूर्ण वाक्याचे असावे, सुट्या शब्दाचे नसावे. फळ्यावर डावीकडे इंग्रजी वाक्य व उजवीकडे मुलांनी सांगितलेले मराठी वाक्य लिहावे. ‘जवळ’, ‘ला’, ‘चा’, ‘त’ हे मुलांच्याच तोंडून येऊ द्यावेत व त्यांखाली रेघ ओढावी. आपली भाषा किती बारकावे जाणते, हेही त्यांना त्यातून कळेल.

उच्चाराविषयी दोन शब्द. ‘हॅव’च्या शेवटी वरचे दात खालच्या ओठास अलगद टेकवावेत. ‘हॅज’मधील ज ‘जय’मधल्यासारखा नाही, ‘जहाज’मधल्या ज प्रमाणे मृदू उच्चारावा.

आणखी एक सूचना, जी मला माझ्या चुकीने शिकविली. घर, शेत, गाय, आई, वडील हे शब्द घेऊन ओळीने प्रत्येक मुलास ‘हॅव’चे वाक्य म्हणावयास लावू नये. ज्याच्या घरी ते नाही, त्याला पन्नास मुलांसमोर ‘आय हॅव नो’ म्हणावे लागते. नात्यांची वाक्ये गोष्टीतील पात्रांविषयी किंवा चित्रांविषयी घ्यावीत. स्वतःविषयी काय सांगावयाचे ते मुलानेच निवडावे.

८. फुलीपूर्वी एक प्रश्न

त्या मुलीच्या वहीसंबंधी सांगून हा लेख पुरा करतो. वर्गशिक्षकांनी माझ्यासमक्षच तिला हातात दोन पुस्तके देऊन उभे केले व विचारले, “पुस्तकं कोणाजवळ आहेत?” “माझ्या बहिणीजवळ.” “बहिणी किती?” “एक.” ती थांबली. मग तिने स्वतःच वही मागून घेतली व सहाही उत्तरे कोणी न सांगता दुरुस्त केली. गुरुजींनी फुल्यांच्या शेजारी नव्या खुणा केल्या आणि मला म्हणाले, “साहेब, मी तिला ‘का’ असं विचारलंच नव्हतं.”

मुलांच्या चुकांत बहुधा एक नियम दडलेला असतो, आणि तो त्यांच्या मातृभाषेतून आलेला असतो. तो ज्या शिक्षकास दिसला, त्याचे अर्धे काम झाले. येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील ‘हॅव’च्या पाच चुका व त्याबाबत मुलांनी स्वतः सांगितलेली कारणे लिहून आणावीत, अशी विनंती आहे. चुकणाऱ्या मुलाचे नाव लिहू नये. त्याने सांगितलेले कारण मात्र त्याच्याच शब्दांत लिहावे.